तीनशे पंधरा, डावीकडे जाते

वहीत मी लिहिलं ते एवढंच:
धनराज लोटू भंगाळे, मुक्काम चिनावल.
तीनशे पंधरा. डावीकडे जाते.

पहिली गोळी शहाण्यासारखी,
दुसरी चार बोटं बाजूला,
तिसरी शेजाऱ्याच्या वावराकडे.
सांगताना भंगाळे हातही तसातसा डावीकडे नेत होते,
शेवटी कोपर माझ्या चहाला लागलं.

आधी त्यांनी डोळ्यांवर घेतलं होतं.
जळगावला जाऊन चष्मा बदलला, सोनेरी काडीचा.
डुकरं आता टकटकीत दिसतात, म्हणाले,
केळीचा कंद उकरताना शेपट्या मोजून घ्या,
पण गोळी जाते तिकडेच.
मग काडतुसांवर घेतलं. मग नशिबावर.
आमच्या दुकानात माणूस येतो तो नशिबानंतरच.

हुसनोद्दीन मिस्त्री लवकर बोलत नाहीत.
भुसावळच्या त्या अरुंद गाळ्यात
मागून मालगाडी जाते तेव्हा
फळीवरचे पेचकस आपसात बोलतात,
मिस्त्री तेव्हाही नाही.
आधी फुकटचं बघायचं, हा त्यांचा नियम.
स्क्रू आवळून पाहिले. घट्ट.
पुढची माशी अंगठ्याने दाबली. जागची हलली नाही.
मग कापसाचा पुंजका, सरकीसकट,
नळीच्या तोंडावरून गोल फिरवला.
कुठे खरचटलं असेल तर तंतू अडकतो.
नाही अडकला.
चिंधी आत घातली: काळी आली,
दुसरी हिरवट, सातवी धुतल्यासारखी.
"मळ होता," मिस्त्री म्हणाले. "पण हा मळ नाही."

चांदमारीवर त्यांनी भंगाळ्यांना न सांगता
रिकामं काडतूस भरून दिलं.
दचकणारा माणूस तिथे उघडा पडतो,
धमाक्याआधीच खांदा माघार घेतो.
नुसतं टक् झालं.
नळी जिथल्या तिथे.
भंगाळे वळून म्हणाले, "माले येडं समजता का मिस्त्री?"
मी दुसरीकडे बघितलं.

दुकानात परत आल्यावर
मिस्त्रींनी माझ्याच खिशातली दहाची नोट घेतली,
नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवली.
उजवीकडून सरसर गेली.
डावीकडे अडकली.

"कुठे होती ही?"
"घरीच. कुठे राहीन?"
"कायम?"
"म्हंजे, निवडणुकीत ठाण्यात जमा होती.
लोकसभेले दिली. मग केळीची कापणी लागली,
सोडवाले जाणं झालंच नाही.
तेवढ्यात विधानसभा."

म्हणजे अख्खा पावसाळा.
मालखान्याच्या गळक्या कोपऱ्यात,
गळ्यात नंबराची चिठ्ठी,
भिंतीला खांदा लावून उभी.

मिस्त्रींनी लाकडावरून तळवा फिरवला,
बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.
"नळी सरळ आहे," म्हणाले.
"लाकूड अजून भिंतीला टेकलंय.
नळी तापली की त्याच्या अंगावर जाते,
अन् ते तिला ढकलतं."

पंधरा दिवस सावलीत वाळवली.
वैशाखातलं भुसावळ, त्याचं बिल लावलं नाही.
मग नळीला काजळ फासलं, बसवली, उचलली.
जिथे घासत होती तिथे लाकडाला
दृष्ट लागू नये म्हणून लावतात
तेवढाच टिळा.
तेवढंच काचेने खरवडलं.
पुन्हा काजळ. पुन्हा काच.
माझी बोटं रात्री भाकरीवर उमटली.

नंतरच्या तीन गोळ्या
मेहरूणच्या एका बोराखाली झाकतील अशा.
भंगाळे कागद घडी करून घेऊन गेले,
सातबाऱ्यासारखा.

डुकरांचं काय झालं ते मला माहीत नाही.
एवढं कळलं की थंडीत जिल्हा परिषद लागली,
भंगाळे पुन्हा ठाण्यात गेले,
आणि पावतीवर लिहून द्या म्हणून अडून बसले:
बंदूक आडवी ठेवावी.
हवालदाराने पेन थांबवलं.
"का हो, आजारी आहे का?"
"होती," भंगाळे म्हणाले.